डाव्या पायाचा मोजा

१९ ऑगस्ट १९८४, रविवार

पोचलो एकदाचा. स्टेट कॉलेज नावाच्या शहरापासून बसने तासभर आत, डोंगरांच्या मधोमध हे कॉलेजचं गाव. एक मोठा रस्ता, दोन चर्च, तीन पिझ्झाची दुकानं. ज्याला ही मंडळी डाउनटाउन म्हणतात, ते आमच्या सीताबर्डीच्या एका गल्लीत मावेल आणि वर पानठेल्याला जागा उरेल. पण हवा काय सुरेख आहे! नागपुरात ऑगस्टमध्ये घामोळ्यांनी जीव जातो. इथे मी दुपारी शाल घेऊन खिडकीत बसलोय आणि चक्क मजेत आहे.

रूम-पार्टनर नरेंद्र ओगले, सांगलीचा. केमिस्ट्रीत पीएच.डी. करतोय, पाच वर्षं झाली, अजून करतोच आहे. स्टॉपवर गाडी घेऊन आला, घरी वरणभात लावून ठेवला होता. वरणात हिंग नव्हता, पण माणूस भला आहे. अपार्टमेंट एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर, जिना बाहेरून, लाकडी.

इथे मी डॉक्टर नाही, विद्यार्थी आहे. इथली डॉक्टरकीची परीक्षा तीन मार्कांनी हुकली. पेपर काढणाऱ्याला अक्कल नसेल तर मी काय करणार? पुन्हा देईन. तोवर स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये मास्टर्स, आणि त्याच्या बदल्यात आठवड्याला वीस तास कॉलेजच्या खेळाडूंची मोडतोड बघायची. अॅनाटॉमीचं सुवर्णपदक मिळवलेला डॉ. श्रीरंग देशकर उद्यापासून मुरगळलेले घोटे बांधणार. हरकत नाही. वर्षभराची तर गोष्ट आहे.

२३ ऑगस्ट, गुरुवार

ट्रेनिंग रूम पाहिली. जिमच्या तळघरातली लांबट खोली. सहा टेबलं, बर्फाचं मशीन, पाय बुडवून बसायला दोन स्टीलचे टब, पांढऱ्या टेपच्या रिळांनी भरलेलं कपाट. तिचे सर्वेसर्वा मिस्टर ब्रँट. वय साठ, मान नाहीच, खांद्यावर थेट डोकं. सैन्यात पट्ट्या बांधत होते, तिथून इथे आले आणि तीस वर्षं चिकटले. आणि खात्याचं नाव काय, तर स्पोर्ट्स मेडिसिन. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

या गृहस्थांनी मला तासभर आपलं तत्त्वज्ञान ऐकवलं. दुखापत कुठल्याही पायाची असो, आधी दोन्ही बूट आणि दोन्ही मोजे काढायचे. मग आधी चांगल्या पायाला हात लावायचा, नंतर दुखऱ्या पायाला. का, तर या माणसाचा पाय धड असताना कसा लागतो हे त्याच्याच दुसऱ्या पायाकडून कळतं. आणि या सगळ्याच्या आधी विचारायचं, कुठे दुखतंय? तो सांगेल ते खरं धरायचं. प्रत्येकाचं एक पिवळं कार्ड. त्यावर डावा आणि उजवा असे दोन रकाने. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात स्पर्श कळतो का, पावलावरची नाडी लागते का, बोटं वर उचलता येतात का. दोन्ही रकाने भरल्याशिवाय खेळाडू टेबलावरून उतरायचा नाही.

मी मान डोलावत राहिलो. बेचक्यातला स्पर्श कोणती नस नेते, ती नडगीत कुठून कशी उतरते, हे या माणसाला ठाऊक नसावं. मी ती नस स्वतःच्या हातांनी सोलून काढली आहे.

अॅनाटॉमीच्या वर्गात तर करमणूकच. आम्ही सहा जणांनी मिळून वर्षभर एक प्रेत फाडलं. इथे पोरं-पोरी चड्डीवर बसून एकमेकांच्या अंगावर रंगीत खडूंनी स्नायू काढतात आणि गुदगुल्या झाल्या की खिदळतात. बालवाडी आहे निव्वळ.

२ सप्टेंबर, रविवार

चाळीस मिनिटांवर एक मराठी घर निघालं! एकनाथकाका वीजकेंद्रात इंजिनियर, सुमित्राकाकू घरी. वीस-बावीस वर्षं झाली त्यांना येऊन. काकूंनी भरली वांगी केली होती, भारतातून आणलेला गोडा मसाला जपून जपून वापरलेला. चार वेळा वाढलं. आईची आठवण झाली, खोटं कशाला सांगू.

मुलगा मोहन आमच्याच कॉलेजात, तिसऱ्या वर्षाला, सॉकर खेळतो, म्हणजे आपला फुटबॉल. मित्रांमध्ये स्वतःला मो म्हणवतो. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. फारच झालं तर तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं दोन शब्द मराठी बोलतो. आईने सांगितलं म्हणून मला दादा म्हणाला. गोरागोमटा, लाडावलेला, खरचटलं तरी फुंकर घालून घेणारा दिसतोय. निघताना काकू म्हणाल्या की आता तू तिथे आहेस, मला त्याचा घोर नाही. मी म्हटलं, निर्धास्त राहा.

१८ सप्टेंबर, मंगळवार

माझ्या बोटांची कीर्ती पसरली. गेल्या आठवड्यात एका कुस्तीगिराचा गुडघा नुसता धरून दोनदा हलवला आणि सांगितलं, आतलं लिगामेंट तुटलंय. एक्स-रेवाल्यांनी, हाडाच्या डॉक्टरांनी चार दिवस घोळ घातला आणि शेवटी तेच म्हणाले. आता पोरं मला डॉक म्हणतात आणि ब्रँटचं टेबल सोडून माझ्याकडे रांग लावतात. म्हातारा म्हणाला छान, आणि लगेच विचारलं, दुसरा गुडघा पाहिला होतास ना? नाचता येईना अंगण वाकडं.

इथले हे सहा-सहा फुटी बाप्ये आणि रडणं मात्र पाळण्यातलं. निम्म्यांना सराव चुकवायचा असतो, उरलेल्यांना कुणीतरी गोंजारायला हवं असतं. आमच्याकडे हमाल पायात खिळा घुसला तर तो काढून पुन्हा पोतं उचलतो. मी आता कुठे दुखतंय हे विचारणंच सोडून दिलंय. वेळ वाचतो.

१३ ऑक्टोबर, शनिवार

ब्रँट इथल्या त्या हेल्मेटवाल्या फुटबॉलच्या टीमबरोबर बाहेरगावी. म्हणून सॉकरच्या मॅचला मी एकटा. थंडी, चिखल, आणि प्रेक्षक म्हणजे गोलरक्षकाची मैत्रीण.

उत्तरार्धात मोहनला डाव्या नडगीवर लाथ बसली, जोरात. पडला आणि "आई गं" म्हणून असा ओरडला की मलाच लाज वाटली. एरवी मराठी येत नाही, पण ओरडायला बरोबर येतं. दोघांनी उचलून तळघरात आणला. लांब मोजा घोट्यापर्यंत खाली सरकवून नडगी पाहिली. बाहेरच्या अंगाला सूज, टणक, कातडी चकाकणारी. हाड चाचपलं; मोडलेलं नाही. मुका मार. बर्फ, वर क्रेप बँडेज घट्ट, पाय उंच. दोन मिनिटांत निदान.

याचं पालुपद सुरूच. हे मुक्या मारासारखं नाही, आतून फुटतंय, बोटांना मुंग्या येताहेत. मी सांगितलं, बर्फाने येतात. शेजारच्या टेबलांवर आणखी दोघं ताटकळत होते. त्याचा मोजा चिखल-घामाने पायाला चिकटलेला, त्यावरून घोट्याला टेप गुंडाळलेली. ती कापा, मोजा सोला, मग दुसऱ्या पायाचा तोच सोहळा, म्हणजे दहा मिनिटं गेली.

तो म्हणाला, "दादा, मोजा तरी काढ ना."

मी कार्ड भरायला घेतलं होतं. डावा पाय: स्पर्श ठीक, नाडी ठीक, बोटं ठीक. उजवा पाय: तेच. दोन्ही मोजे पायातच. हातच्या कंकणाला आरसा कशाला? सोळा वर्षांच्या पोरीसारखा मुसमुसत होता, कुबड्या देऊन खोलीवर पाठवला.

१४ ऑक्टोबर, रविवार

सकाळी आठला मोहनचा फोन. रात्रभर डोळा लागला नाही, बँडेज सोडू का? मी म्हटलं, खबरदार, उलट पाय आणखी उंच ठेव आणि गोळी घे.

साडेबाराला पुन्हा फोन. दुखायचं थांबलं म्हणाला, आवाजही शांत. मी म्हटलं, बघ, सांगत नव्हतो? एक वाजता काकूंचा. त्या इकडे यायला निघायच्याच बेतात होत्या. मी थांबवलं. म्हटलं, काकू, थोडं नाटक आहे, बाकी काही नाही, झोपू द्या त्याला. काकू हसल्या, म्हणाल्या, लहानपणापासून असाच आहे.

चार वाजता त्याच्या रूम-पार्टनरने त्याला हॉस्पिटलात नेलं. पाऊल गार पडलंय आणि बोटं हलत नाहीत म्हणे.

१७ ऑक्टोबर, बुधवार

सर्जनने काका-काकूंना समजावून सांगितलं, मी शेजारी उभा होतो. नडगीतले स्नायू एका न ताणणाऱ्या पिशवीत असतात. मार लागून आत रक्त साठलं, दाब वाढला, नसा आणि रक्तवाहिन्या आवळल्या गेल्या. सहा-आठ तासांत पिशवी चिरली असती तर पाय वाचला असता. वरून घट्ट बँडेज आणि पाय उंच, याने दाब आणखी वाढला. पहिली खूण म्हणजे बेचक्यातला स्पर्श जातो. आणि दुखायचं थांबलं म्हणजे आतलं मेलं.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. ती पिशवी मी फाडली आहे, तिचं लॅटिन नाव झोपेत सांगेन.

मग सर्जनने पिवळं कार्ड पाहिलं. म्हणाला, संध्याकाळी पाचला स्पर्श, नाडी, बोटं सगळं ठीक होतं, म्हणजे दाब नंतर वाढला असणार, ट्रेनरचा दोष नाही. मी काही बोललो नाही. बोलायला कुणी विचारलंही नव्हतं.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार

जंतू पसरले. आज सकाळी डावा पाय गुडघ्याखाली कापला.

२९ ऑक्टोबर, सोमवार

क्रीडाविभागाच्या डायरेक्टरच्या खोलीत चौकशी. मोहनने हॉस्पिटलातून लिहून पाठवलं होतं की माझा मोजा काढलाच नव्हता. मला विचारलं. मी सांगितलं, पोरगा वेदनेने बेजार होता, त्याला कसं आठवेल? दोन्ही मोजे काढले, दोन्ही पाय तपासले, कार्डावर आहे. सगळ्यांनी मान डोलावली. निष्कर्ष असा की त्यानेच रात्री पायावर भार दिला असावा. मूर्ख लोक आहेत, पण आज त्यांचा मूर्खपणा माझ्या कामी आला.

ब्रँटने एकच विचारलं. पावलाला हात लावलास तेव्हा ऊब होती का? मी म्हटलं, होती.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये काकूंनी माझा हात धरला. "श्रीरंग, तू नीट पाहिलं होतंस ना रे?"

"पाहिलं होतं, काकू."

त्या तशाच आत गेल्या आणि मोहनला बोलल्या. दादावर आळ घेतोस? आपल्या चुकीचं खापर दुसऱ्यावर फोडायला कुणी शिकवलं? माफी माग. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे वळून सॉरी म्हणाला. घरी येऊन जेवलो. भाजी खारट झाली होती, नरेंद्रला दोन शब्द सुनावले.

५ नोव्हेंबर, सोमवार

विचित्र प्रकार. बास्केटबॉलची एक मुलगी, डावा घोटा मुरगळलेला. चौकशीपासून मी दोन्ही मोजे काढायला लावतो. लोकांची तोंडं बंद राहतात. उजव्या पायाच्या बेचक्यात बोट फिरवलं, ठीक. डाव्या पायाच्या बेचक्यात बोट ठेवलं आणि लोकर लागली.

खाली पाहिलं. पाय उघडा. गोरी कातडी, नखांना गुलाबी रंग. बोटाखाली मात्र मोज्याची वीण, उभ्या रेघा, ओलसर आणि गार. नाडी शोधली तर तीच लोकर. तिला विचारलं, काही घातलंयस का पायात? ती माझ्याकडे बघतच राहिली.

हात तीनदा धुतले. टेप आणि बर्फ हाताळून बोटं बधिर झाली असतील.

७ नोव्हेंबर, बुधवार

आज तिघं आले. तिघांचेही डावे पाय तसेच. उजवे ठीक. एका धावपटूच्या उघड्या पावलावर मी नखाने मोज्याची कड शोधत होतो. तो ओरडला तेव्हा भानावर आलो. ब्रँटला बोलावलं. त्याने त्याच पावलावर दोन बोटं ठेवली, डोळे मिटले, म्हणाला नाडी छान आहे. मी पुन्हा हात लावला. लोकर. आणि तिच्याखाली काहीच नाही, गार मांसाचा गोळा.

ब्रँटने मला दोन दिवस सुट्टी घ्यायला सांगितलं. याने मला शिकवावं!

१० नोव्हेंबर, शनिवार

पाय राहिला बाजूला. काल वर्गात एका मुलाला खांद्याचं हाड दाखवत होतो. हात ठेवला तर मोजा. दंड, मोजा. मान, मोजा. त्याच्या मानेवर धडधडणारी नाडी डोळ्यांना दिसत होती, आणि माझी बोटं ओल्या लोकरीवर. ज्या बोटांच्या जोरावर मी या गावाला नाकावर टिच्चून दाखवत होतो त्यांना आता पोळी आणि पुसणं यांतला फरक कळत नाही. खडू हातातून सुटला. पोरं हसली. हसू देत. गाढवाला गुळाची चव काय.

नरेंद्र म्हणतो, तू त्या मोहनचं मनाला लावून घेतलंयस, काकूंकडे जाऊन ये. मी म्हटलं, तू आधी तुझी पीएच.डी. संपव.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

आंघोळीला बसलो. डाव्या पायावर कढत पाणी ओतलं, कळलं नाही. हात लावला.

मोजा. माझ्या पायावर. दिसत काही नाही, पण बोटांना अख्खा लागतो, टाचेची शिवण, वर जाड कड. ती घोट्यावर घट्ट बसलीय आणि तिच्यावरून टेप. खरवडली, ओढली. कात्री लावली. नरेंद्र दार ढकलून आत आला तेव्हा टबात लाल पाणी होतं. कात्री घेऊन गेला, पट्टी बांधली. भला माणूस आहे.

बोटांना मुंग्या आहेत.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

विद्यार्थ्यांच्या दवाखान्यात गेलो. मी डॉक्टर आहे हे आधीच सांगितलं. नडगी दुखते, आतून ठणका, बेचक्यात मुंग्या, दाब मोजा. तो ऐकत होता आणि लिहीत होता. मी बूट काढायला वाकलो, तर म्हणाला राहू दे.

बुटावरून दोन बोटं टेकवली. लिहिलं: डावा पाय ठीक, उजवा पाय ठीक.

मी म्हटलं, मोजा काढा. विनवलं. तो हसला. ते हसू मी ओळखतो, ते माझं आहे. घरापासून लांब आलेल्या मुलांना असं होतं म्हणाला. थोडं नाटक आहे, असं तोंडाने नाही म्हणाला.

१९ नोव्हेंबर, सोमवार

ठणका गुडघ्यापर्यंत. झोप नाही.

शेवटी ब्रँटकडे गेलो. जगात कुणी नाही काढला तरी हा मोजा काढेल. तीस वर्षांत याने एकदाही चुकवलं नाही. टेबलावर बसलो, पाय लांब केले. म्हातारा आला. पिवळं कार्ड घेतलं. कुठे दुखतंय, विचारलं नाही. बुटाला हात लावला नाही. दोन्ही रकाने भरले — ठीक, ठीक, ठीक. मग क्रेप बँडेज काढलं आणि माझ्या पँटवरूनच नडगीला गुंडाळायला लागला. घट्ट. आणखी घट्ट. पाय उंच ठेव म्हणाला.

मी ओरडलो. शेजारच्या टेबलावरच्या पोरांनी एकमेकांकडे बघून डोळे फिरवले.

घरी येऊन बँडेज सोडलं. सोडलं तरी तसंच आहे.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी ११. थँक्सगिव्हिंग. गाव बंद. नरेंद्र मित्राकडे फिलाडेल्फियाला. पहाटेपासून पाय फुटतोय. डोळ्यांना दिसतं ते नेहमीसारखं — सूज नाही, लाली नाही. आत कुणीतरी सुतळी पिळतंय.

११.४०. अॅम्ब्युलन्स येऊन गेली. दोघं होते. पँटवरून हात. ठीक, ठीक. उगाच सणाच्या दिवशी, असं एक जण दुसऱ्याला म्हणाला. गेले.

सहा तास असतात. पाचला सुरू झालं असेल तर — संपलेच.

मीच चिरू शकतो. कुठे चिरायचं ते माझ्याइतकं इथे कुणाला — पण बोटांना सुरी कळत नाही. कातडी कळत नाही. सगळीकडे लोकर. पेनही लोकरीचं.

१२.१५. काकूंना फोन लावला. का ते माहीत नाही. मोहनने उचलला. गेल्या आठवड्यात घरी सोडलंय त्याला.

मी म्हटलं, मोहन, माझा पाय. डावा. कुणी मानत नाही. मला वाटलं फोन आपटणार. मी त्याच्या जागी असतो तर आपटला असता. मग त्याच्या त्या मोडक्या मराठीत —

"कुठे दुखतंय, दादा?"

मी रडलो. लाज नाही वाटत लिहायला. सगळं सांगितलं. बेचक्यात कळतं का, बोटं वर येतात का, त्याने एकेक विचारलं. विश्वास बसतो तुझा? मी विचारलं. तर म्हणाला, दुखतंय म्हणतोस ना. बाबांना घेऊन निघतो. चाळीस मिनिटं.

मोज्याचं तेवढं सांगितलं नाही. त्याला. त्याला कसं सांगणार.

१२.२२. ठणका थांबला.

एकदम. किती बरं वाटलं एक क्षण —

१२.२५. ते यायच्या आत लिहून ठेवतो. समोर काकू आल्या तर मी पुन्हा तेच म्हणेन, पाहिलं होतं काकू, मी मला ओळखतो. कागद हाच आहे. डायरेक्टरला दाखवा. काकूंना दाखवा. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, मला आता —

नाही. सरळ लिही.

त्या दिवशी गर्दी होती, मी एकटा होतो, ब्रँट — हेही नाही. खोडलं.

१२.२८. बाहेरच्या जिन्यावर कुणीतरी. इतक्यात? चाळीस मिनिटं म्हणाला होता. गाडीचा आवाज आला नाही.

कुबडी वाजत नाही. बूटही नाही. मऊ. ओलं. एकच पाऊल — थांबतं — मग तेच पाऊल. एक पायरी वर. दुसरा पाय नाहीच —

मधल्या वळणावर आलं.

सुमित्राकाकू, मोहन खोटं बोलला नाही. खोटा मी. त्याला रागावू नका. कार्ड मी त्याच्यासमोर बसून — स्पर्श, नाडी, काही पाहिलं नाही. पाय उबदार होता की गार मला माहीत नाही. तो म्हणत होता, तीनदा म्हणाला —

दाराशी. ठोठावत नाही. नुसतं उभं —

हात दिसतोय पेनवर, कळत नाही — लिहितो, लिहितोय — तेरा ऑक्टोबर, संध्याकाळी पाच — मी त्याचा मोजा काढ